कोऱ्या पट्टीचं झाकण

मी एक जुनं झाकण आहे. मित्रांनो, हसू नका! झाकण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी आली असेल, नाहीतर पाण्याचं पिंप. मी त्यातला नाही. मी स्कॅनरचं झाकण आहे. स्कॅनरच्या काचेवर कागद पालथा ठेवायचा, वरून मला पांघरायचं, की खालून उजेडाची एक पट्टी सरकत जाते आणि कागदाचं चित्र कॉम्प्युटरवर उमटतं. तो उजेड बाहेर सांडू द्यायचा नाही आणि कागदाला हलू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. एवढंच! पण या एवढ्याशा कामापायी मी उदगीरहून मुंबईला गेलो, वकिलांच्या हातांतून फिरलो, आणि माझ्यापायी एका घरावर गाव सोडायची पाळी आली. ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. उदगीरच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुलाम रसूल जिल्दसाजांचं दुकान आहे. जिल्दसाज म्हणजे पुस्तकं बांधणारा. आमच्या भागात बाइंडर म्हणत नाहीत, जिल्दसाजच म्हणतात. शाळांची रजिस्टरं, मशिदीतली जुनी पुस्तकं, मठातल्या पोथ्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांची मुलगी गौसिया. बारावी झाल्यावर तिनं दुकानाच्या पुढच्या भागात एक स्कॅनर आणि एक कॉम्प्युटर मांडला. मागे अब्बा सुई-दोऱ्याने पानं शिवायचे, पुढे गौसिया पानांची चित्रं काढायची. मध्ये सुमनबाई बसून पानांच्या घड्या घालायच्या आणि दोघांच्या बोलण्यात तोंड घालायच्या.

त्या वर्षी उदगीर जिल्हा होणार, अशी हवा उठली होती. चहाच्या टपरीवर लोकांनी कलेक्टर कचेरीची जागासुद्धा ठरवून टाकली होती! जिल्हा झाला की सगळी जुनी दप्तरं कॉम्प्युटरवर घ्यावी लागणार, म्हणून जो तो आपापले कागद घेऊन गौसियाकडे येत होता. हवा जिल्ह्याची होती, पावसाची मात्र नव्हती. पाऊस सलग हुलकावण्या देत होता. बोअर आटले, आड आटले, टँकर आला की गल्लीत घागरींची रांग आणि रांगेत भांडणं.

अशा एका रखरखीत दुपारी स्कॅनरचं प्लॅस्टिकचं झाकण कडाडलं. उन्हानं कडक झालेल्या बिजागऱ्या मोडल्या आणि झाकण गौसियाच्या हातात आलं. नवं मागवायचं तर वेळ लागणार. ती काय करेल? जिल्दसाजाची लेक! तिनं पुठ्ठा कापला, त्याला काळं कापड चढवलं, आणि बिजागरीच्या जागी पुस्तकाच्या पाठीला लावतात तसं दुहेरी कापड घेतलं. आता ते चिकटवायचं. त्यासाठी चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके भाजायचे, कुटायचे आणि भरपूर पाण्यात शिजवायचे. भरपूर पाण्यात! माठात प्यायला होतं तेवढंच पाणी. तिनं वाटीभर खळ शिजवली.

“अब्बा, खळ पुरत न्हाई.”

“मग थांब. टँकर येऊ दे.”

“टँकर परवा येतो म्हणायलेत.”

“मग परवा कर. घाईचं काम आपल्या दुकानात होत नसतंय, बेटा.”

पण गौसियानं थांबायचं नाव घेतलं नाही. तिनं कापडाच्या कडा तेवढ्या चिकटवल्या. मधली चार बोटं रुंद पट्टी तशीच कोरी ठेवली, पाणी आलं की तिथं खळ लावू म्हणून. आणि अशा अर्धवट अवस्थेत मला स्कॅनरवर बसवलं. मित्रांनो, मी जन्मलो तोच अपुरा.

तेवढ्यात मुखेडकडच्या एका खेड्यातले मन्मथ गुरुजी धापा टाकत आले. काखेत शाळेचं दाखल्यांचं जुनं रजिस्टर, उशीसारखं जाड. ते आजच स्कॅन करून हवं होतं, संध्याकाळची एसटी गाठायची होती.

“पोरी, सांभाळून हां. देगलूरला एकानं असंच झाकण दाबलं आन् रजिस्टरची पाठच मोडली. पानं गोळा करत बसलो, बापा!”

खरंच मोडते पाठ. साधं झाकण एका बाजूला टेकतं, दुसऱ्या बाजूला तोंड वासून उभं राहतं. मग लोक कोपरानं दाबतात, आणि जुन्या शिलाईचा कट्‌कन आवाज होतो. गौसियानं भीत भीत रजिस्टर काचेवर ठेवलं आणि मला खाली सोडलं. आणि काय सांगू! माझी कोरी पट्टी आतल्या आत सरकली. दुहेरी कापडाचे दोन पदर एकमेकांवरून घसरले, आणि मी वाकडा न होता सरळ वर उचललो गेलो आणि रजिस्टरवर सपाट बसलो. ना दाबायला लागलं, ना उजेड सांडला. मांजर उशीवर बसतं ना, अगदी तसा.

“अगं, हे तर तरंगून राहिलंय की!” गुरुजी ओरडले.

अब्बा चष्मा सावरत पुढे आले. त्यांनी मला उचललं, पट्टीवर अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहराच उतरला.

“हे काय? मधी कोरं?”

“खळ संपली, अब्बा.”

“पोकळ जिल्द! माझे उस्ताद असते तर हातावर पट्टी मारली असती. दोन पदरांत हवा राहिली की काम गेलंच म्हणून समज. लोक म्हणतील, गुलाम रसूलच्या दुकानातून पोकळ काम निघायलंय. आण इकडं, कापून काढतो.”

त्यांनी रापी उचलली. कापड कापायची ती रुंद, धारदार सुरी. तिचं पातं माझ्या पट्टीला टेकलं. माझं आयुष्य तिथंच संपत होतं! पण गौसियानं पट्टीवर तळहात ठेवला.

“अब्बा, आधी रजिस्टर बघा. मग कापा.”

अब्बांनी रजिस्टर हातात घेतलं, कानाशी नेऊन पाठ हळूच वाकवली. शिलाई शाबूत. पुन्हा वाकवली. “हं,” म्हणाले आणि रापी खाली ठेवून मागे जाऊन बसले. सुमनबाई घडी घालता घालता म्हणाल्या, “रसूलभाई, लेक पुढं निघाली बघा तुमच्या.”

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. बिलोली, मुखेड, औसा, कुठून कुठून जाडजूड वह्या यायला लागल्या. उर्दूतली जुनी कागदपत्रं, हात लावला तर भुगा होतील अशी. मी त्यांच्यावर अलगद बसायचो. गौसियानं माझ्यासारखी आणखी झाकणं केली, बाकीच्या दुकानदारांनी मागून नेली. तिनं आणि सुमनबाईंनी मागच्या भिंतीशी एक लांब मेज मांडलं. फक्त झाकणांसाठी!

एक दिवस नांदेडच्या वकील विशाखाताई सोनकांबळे आल्या. माहेर मुखेडचं, गावाकडच्या जमिनीचे कागद स्कॅन करायला आल्या होत्या. मला चार-पाच वेळा उघडमीट करून म्हणाल्या, “गौसिया, हे कोणी काढलं?”

“मीच केलं, ताई.”

“याचं पेटंट घे.”

पेटंट म्हणजे सरकारकडून मिळणारा हक्क. एखादी नवी युक्ती तुमची आहे, तुम्हाला न विचारता दुसऱ्यानं ती विकायची नाही, असा. पण त्याला एक अट असते, आणि मित्रांनो, या अटीनंच आमचा जीव घेतला. ती युक्ती त्या कामातल्या कुठल्याही जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी. सहज सुचण्यासारखी असेल तर पेटंट मिळत नाही. ताईंनी अर्ज केला. गौसिया नाचायचीच बाकी राहिली होती.

त्यानंतर दुकानात दोन पाहुणे आले. इस्त्रीचे शर्ट, तोंडात साखर. मला उचलून वाहवा करायला लागले. एकानं मोबाइल समोर धरला होता.

“चाचा, काय कारागिरी आहे! हे सुचलं कसं?”

आता इथं तुम्हाला आमच्या गल्लीची रीत सांगायला हवी. आमच्याकडे कोणी स्तुती केली तर “हो, मीच केलं” असं कोणी म्हणत नाही. म्हणालाच तर त्याला घमेंडखोर समजतात. शेजारच्या स्टेशनरीवाल्या सिद्रामप्पांचा मुलगा बोर्डात तालुक्यात पहिला आला, तेव्हा पेढे वाटताना ते काय म्हणाले माहीत आहे? “कशाचं काय, काठावर वाचलाय बिचारा!” सगळ्या गल्लीला कळतं की याचा अर्थ मी आनंदानं वेडा झालोय. तशीच अब्बांची अदब. त्यांनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि म्हणाले,

“अजी, यात काय सुचायचंय? साधी बात आहे. कोणीही करील.”

पाहुणे खूश होऊन गेले. आम्हाला वाटलं, काय गोड माणसं!

ती एका मोठ्या कंपनीची माणसं होती. थोड्याच दिवसांत त्या कंपनीनं गौसियाच्या अर्जाला हरकत घेतली, आणि पुरावा म्हणून काय लावलं? तो व्हिडिओ! साठ वर्षांचा मुरलेला जिल्दसाज स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कोणीही करील. मग नवं ते काय? कापडाची बिजागरी जुनीच, झाकण जुनंच, दोन जुन्या गोष्टी जोडल्या, झालं. पेटंटच्या अधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला. सहज सुचण्यासारखं आहे, म्हणून.

विशाखाताईंनी निकाल वाचून दाखवला तेव्हा अब्बा सुई ओवत होते. दोरा सुईच्या भोकात जाईना. शेवटी त्यांनी सुई खाली ठेवली.

“अब्बा, तुम्हाला कोण म्हणलं होतं असं बोलायला?” गौसिया रडत ओरडली. “एक वाक्य! एक वाक्य गिळता आलं नाही तुम्हाला?”

“मग काय म्हणू बेटा? लई मोठा हाय मी, असं म्हणू? माझ्या अब्बांनी शिकवलं न्हाई मला तसं.”

“मग बसा आता अदब घेऊन!”

त्या दिवसानंतर बाप-लेक एका दुकानात बसून एकमेकांशी बोलेनासे झाले. काही हवं असलं तर सुमनबाईंमार्फत. “सुमनबाई, अब्बांना सांगा जेवायला.” “सुमनबाई, तिला म्हणा भूक न्हाई.” सुमनबाई वैतागून म्हणायच्या, “मी काय टेलिफोन हाय का रे देवा!” पण हसायचं कोणीच नाही.

आणि दुष्काळ? तो तर डोक्यावर बसला होता. लातूरला पाणी रेल्वेनं यायला लागलं ते हेच वर्ष. उदगीरात टँकर आला तर आला. गिऱ्हाइकं आटली. शेवटी सुमनबाईसुद्धा हैदराबादला बहिणीकडे गेल्या, इमारतीच्या कामावर. जाताना त्यांनी माझ्यावरची धूळ पदरानं पुसली. त्यांच्यामागे लांब मेज रिकामं पडलं.

मग एका सकाळी सिद्रामप्पांच्या दुकानात नवा माल लागला. कंपनीचं झाकण! माझ्यासारखंच, पण रेक्झिनचं, चकचकीत. मधली पट्टी कोरी. माझी पट्टी, मित्रांनो! स्वतःचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर बघावा तसं झालं मला.

“आप्पा, तुम्ही सुद्धा?” गौसिया दारात उभी राहून म्हणाली.

“अगं, मी न्हाई ठेवलं तर बसस्टँडवाला ठेवतोय. आन् सरकारच म्हणायलंय ना, कोणाला बी करता येतंय म्हणून?”

“सरकार म्हणायलंय. तुम्ही तर बघितलं होतं ना!”

सिद्रामप्पांनी मान खाली घालून माल पुसायला सुरुवात केली.

अब्बांच्या चुलत भावाचा हैदराबादहून निरोप आला. दुकान बंद करून इकडे या, छपाईच्या कारखान्यात दोघांना काम लावतो. सरळ होतं सगळं. पेटंट नाही, तर झाकणं कंपनी विकणार. झाकणं नाहीत, तर दुकान नाही. दुकान नाही, तर उदगीर नाही. विशाखाताई म्हणाल्या, अजून एक दार आहे, अपील. तिथं हरलो तर मात्र संपलं.

गौसिया म्हणाली, “अपील हरलो की मी स्वतः कुलूप लावते.”

मला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं आणि आम्ही मुंबईच्या गाडीत बसलो. मी गौसियाच्या मांडीवर. समोर अब्बा खिडकीकडे तोंड करून. बाहेर काळी भेगाळलेली शेतं पळत होती. दोघं अजूनही बोलत नव्हते. मला आतून ओरडावंसं वाटत होतं, बोला रे, निदान आज तरी बोला!

अपिलाची खोली थंडगार होती. उंच मेजामागे दोन सदस्य, त्यांतल्या एक मोठ्या बाई, मराठी बोलणाऱ्या. कंपनीचे वकील उभे राहिले आणि तो व्हिडिओ पुन्हा लावला. “कोणीही करील.” अब्बांचा आवाज त्या खोलीत घुमला. अब्बांनी डोळे मिटून घेतले.

विशाखाताई जीव तोडून बोलल्या. हा शिष्टाचार आहे, कबुली नाही, आमच्याकडे असंच बोलतात. वकील हसले. “म्हणजे साक्षीदार खोटं बोलतो असं तुमचं म्हणणं आहे का?”

मग बाईंनी मला मागवलं. खाली एक जाड कायद्याचं पुस्तक ठेवलं आणि मला सोडलं. मी जीव एकवटला. सरकलो, उचललो, सपाट बसलो. बाईंनी पुन्हा पुन्हा उघडमीट केली आणि चष्म्यावरून अब्बांकडे बघत सहज म्हणाल्या,

“फारच सुरेख आहे हो, चाचा.”

आणि मित्रांनो! अब्बांचा हात आपोआप छातीवर गेला. मान झुकली. मला कळलं काय होणार ते, पण झाकणाला तोंड दाबायला हात कुठून येणार?

“अजी, यात काय... कोणीही...”

विशाखाताईंनी कपाळाला हात लावला. कंपनीचे वकील तर खुर्चीत रेललेच. अब्बांना काय झालं ते कळलं आणि त्यांनी छातीवरचा हात झटकन खाली घेतला.

“अब्बा खोटं बोलतायत!”

गौसिया उभी राहिली होती. बापाला भर सभेत खोटं ठरवणारी पोरगी आमच्या गल्लीनं आजवर पाहिली नव्हती.

“कोणीही केलं नसतं, मॅडम. अब्बांनी तर मुळीच केलं नसतं. आमच्या धंद्यात ही चूक आहे. पोकळ जिल्द म्हणतात याला. खळ संपली म्हणून मी पट्टी कोरी ठेवली, तेव्हा अब्बा रापी घेऊन कापायला निघाले होते. विचारा त्यांना.”

इथं एरवी फक्त वकील बोलतात म्हणे. पण बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“चाचा, खरं आहे का हे?”

अब्बा उठले. त्यांनी एकदा गौसियाकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी!

“जी. खरं हाय. उभ्या आयुष्यात मी एक पट्टी कोरी ठेवली न्हाई. शागिर्दानं ठेवली तर उकलायला लावली. हिला पण रागावलो. व्हिडिओत बोललो ती अदब होती, मॅडम. मला तर हे सुचलंच नसतं. सुचलं असतं तरी हातानं केलं नसतं.”

कंपनीचे वकील टुणकन उठले. “म्हणजे ही चूक झाली! खळ संपली म्हणून चुकून घडलेली गोष्ट. चुकीला शोध म्हणायचं का?”

माझं काळीज, म्हणजे माझा पुठ्ठा, पुन्हा खाली गेला. कारण हे खरंच होतं. खळ संपली होतीच ना!

गौसिया त्यांच्याकडे वळली. “पहिलं झाकण चुकून झालं, साहेब. मान्य. दुसऱ्या झाकणाच्या वेळी टँकर येऊन गेला होता. पातेलंभर खळ होती. अब्बा म्हणाले, आता तरी पट्टी चिकटव. मी न्हाई चिकटवली. चूक असती तर दुसऱ्यांदा कशाला केली असती?”

वकील खाली बसले.

बाईंनी मला पुन्हा एकदा उघडलं, मिटलं. निकाल नंतर कळवू म्हणाल्या. आणि मी? मला पुरावा म्हणून सुतळीनं बांधून, लाख लावून कपाटात ठेवून दिलं. गौसिया निघताना मागे वळून वळून बघत होती. कपाटाचं दार बंद झालं.

त्या कपाटातले दिवस मी कसे काढले ते विचारू नका. अंधार, सुतळी, आणि एकच प्रश्न. कुलूप लागलं का? हैदराबादची गाडी गाठली का त्यांनी? मला ऐकू येत होतं ते फक्त पंख्याचं घुरघुरणं. माझ्यावरून जगाचा काय निकाल लागतोय, तेही मला कळणार नव्हतं!

आणि एके दिवशी दार उघडलं. समोर विशाखाताई. त्यांनी सुतळी कापली, मला छातीशी धरलं आणि त्या वकीलबाई, एवढ्या मोठ्या वकीलबाई, माझ्यावर डोकं टेकून रडल्या. जिंकलो होतो! ज्या कामाला जाणकार चूक समजून टाकून देतो, ते त्याला सहज सुचेल असं म्हणता येत नाही, असं निकालात लिहिलं होतं. पेटंट गौसियाच्या नावावर झालं.

उदगीरला मला वाजतगाजत आणलं. जिल्हा काही झाला नव्हता, टँकरही चालूच होता, पण दुकान उघडं होतं! कंपनीला आपलं झाकण विकणं थांबवावं लागलं. सुमनबाई परत आल्या आणि येताना आपल्या भाचीला, पारूबाईला घेऊन आल्या. लांब मेजावर पुन्हा काळं कापड पसरलं. गौसिया अब्बांशी इतकं बोलायला लागली की सुमनबाई म्हणाल्या, “आता मला जरा बोलू द्या की!” कुणाच्या मनात आता हैदराबाद नव्हतं. एवढं सुख मी कधी बघितलं नव्हतं.

आणि मित्रांनो, इथंच माझी गोष्ट संपायला हवी होती ना? नाही संपली.

सिद्रामप्पा एका शुक्रवारी लाजत लाजत आले. हातात मोठी काचेची चौकट, सागवानी, सोनेरी कड असलेली. “माझ्याकडनं,” एवढंच म्हणाले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्कॅनरवरून उतरवलं. मखमलीवर ठेवलं. चारी कोपऱ्यांत बारीक चुका, म्हणजे खिळे, ठोकल्या. वरून काच बसवली आणि भिंतीवर उंच टांगलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. येणारा प्रत्येक जण मान वर करून बघतो आणि म्हणतो, “हेच का ते झाकण?” स्कॅनरवर आता माझं नवं भावंड बसलंय. ते उघडतं, मिटतं, तरंगतं. मी बघतो.

मला किती मान आहे, हे मला कळतं. गौसिया रोज सकाळी माझी काच पुसते. इतक्या प्रेमानं पुसते! पण ती काच बाहेरून पुसते आणि आत मी आखडत चाललोय. कापड हललं नाही की ते आखडतं. माझे दोन पदर एकमेकांना चिकटायला लागलेत. उन्हाळ्यात पत्रा तापतो तेव्हा ते आणखी घट्ट होतात. जी पट्टी कोरी राहावी म्हणून गौसियानं रापीखाली हात घातला, जिच्यासाठी अब्बांनी भर सभेत आपली अदब उतरवून ठेवली, ती पट्टी आता आपोआप बुजत चाललीय. खळीशिवाय. आणखी एक-दोन उन्हाळे गेले की मी तरंगू शकणार नाही. मग कोणी कितीही जाड रजिस्टर आणा, मी नुसता काळा पुठ्ठा.

मला मान नको आहे हो. मला काम हवं आहे! तुमच्या घरातसुद्धा असं कोणीतरी असेल. आजोबांची पेटी, आईची शिलाई मशीन, कपाटावर जपून ठेवलेली. जपायचं म्हणजे झाकून ठेवायचं, असं तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही कधी उदगीरला आलात, तर किल्ल्याच्या रस्त्यानं या, जिल्दसाजांचं दुकान कोणीही दाखवील. माझं कौतुक करू नका, फोटो काढू नका. गौसियाला फक्त एवढं सांगा की त्या चुका काढ. त्याला खाली उतरव, एखादं जाडजूड रजिस्टर त्याच्याखाली ठेव आणि एकदा, एकदाच, उघडमीट करून बघ. भिंतीवरची चौकट रिकामी दिसली तर दिसू दे.